सकर्मक उपासना : 'फवाइद-उल-फुआद', खुलताबादची मल्फूजात आणि 'लीळाचरित्र'

मराठी गद्याचा आरंभ सांगताना आपण 'लीळाचरित्रा'शी येतो आणि तेथेच थांबतो. ह्या थांबण्यात काही वावगे नाही. इतके जिवंत, इतके बोलके आणि इतके निरलंकार गद्य तेराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत लिहिले गेले, ही गोष्ट कोणत्याही भाषेला भूषणावह आहे. परंतु चक्रधरांनी ज्या वेरूळला दीर्घ मुक्काम केला त्या वेरूळपासून अवघ्या चार-पाच किलोमीटरांवर, खुलताबादच्या डोंगरमाथ्यावर, पुढल्या अर्धशतकात गद्याचा दुसरा एक संभार निर्माण झाला. तो फारसीत आहे. त्याची घडण मात्र 'लीळाचरित्रा'च्या घडणीशी आश्चर्य वाटावे इतकी मिळतीजुळती आहे. सत्पुरुषाच्या सहवासात बसावे, त्याचे रोजचे बोलणे ध्यानात धरावे, ते जसेच्या तसे उतरून काढावे, आणि ह्या उतरण्यालाच साधना मानावे, ही ती घडण. ह्या वाङ्मयप्रकाराला 'मल्फूजात', म्हणजे मुखातून निघालेली वचने, असे म्हणतात. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फारसीचा विचार होतो तो बहुधा शब्दांच्या उसनवारीपुरता, किंवा बखरीच्या भाषेपुरता. आपल्याच भूमीवर लिहिल्या गेलेल्या फारसी गद्याची मराठी गद्याशेजारी ठेवून परीक्षा करावी, असे आपणांस क्वचितच वाटते.

प्रस्तुत लेखात प्रभावाचा प्रश्न मुळीच उपस्थित करावयाचा नाही. म्हाइंभटाने मल्फूजात वाचली नव्हती आणि अमीर हसनास महानुभाव ठाऊक असल्याचा पुरावा नाही. विचारावयाचे ते इतकेच की, धर्म जेव्हा सिद्धांतातून उतरून पगार, बाजार, पाहुणा, नोकर आणि शेजारी ह्यांच्यापर्यंत येतो, तेव्हा त्याची नोंद करण्यास कोणते गद्य समर्थ ठरते, आणि त्या सामर्थ्याच्या मर्यादा कोणत्या.

प्रथम ग्रंथाविषयी. 'फवाइद-उल-फुआद' हा दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांच्या संभाषणांचा संग्रह अमीर हसन सिज्झी ह्या कवीने 1308 ते 1322 ह्या काळात सिद्ध केला. त्याचे पाच भाग असून त्यांत 188 मजलिशी आहेत. हसन हा दरबारी कवी. त्याच्या गझलांमुळे त्यास हिंदुस्थानचा सादी म्हणत. महंमद तुघलकाने 1327 साली राजधानी दौलताबादेस आणण्याचा घाट घातला, तेव्हा जे विद्वान, कवी आणि सूफी दक्षिणेत आले त्यांत हसन होता. तो पुन्हा परतला नाही. त्याची कबर खुलताबादेस आहे. म्हणजे ग्रंथ दिल्लीत लिहिला गेला असला तरी ग्रंथकर्ता आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, ग्रंथातील एक फार मोलाचा प्रसंग आपल्या परिसरातील आहे. निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब हेही ह्याच लोंढ्याबरोबर दौलताबादेस आले आणि 1337 मध्ये येथेच निवर्तले. त्यांच्या भोवती काशानी घराण्यातील तीन बंधूंनी मल्फूजातीची एक शाळाच उभी केली. रुक्नुद्दीनाने 'नफाइस-उल-अन्फास' लिहिले, हम्मादाने 'अहसन-उल-अक्वाल', तर मज्दुद्दीनाने 'गराइब-उल-करामात'. बुऱ्हानुद्दीनांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराजी (मृत्यू 1369) ह्यांची संभाषणे 'हिदायत-उल-कुलूब' ह्या नावाने संग्रहित झाली. एका डोंगरावर, साठ वर्षांच्या आत, एवढा गद्यसंभार! आणि तरीही आज खुलताबादची चर्चा व्हावी ती बहुधा एका बादशहाच्या कबरीवरून व्हावी, हे आपल्या वाचनाच्या सवयींविषयी पुरेसे बोलके आहे.

ह्या ग्रंथांच्या प्रामाण्याचा प्रश्न अभ्यासकांस टाळता येत नाही. चिश्ती परंपरेच्या नावावर खपलेली कित्येक मल्फूजाते नंतरच्या काळात रचलेली आहेत, हे प्रा. महंमद हबीब ह्यांनी 1950 साली साधार दाखविले. 'फवाइद' मात्र त्या कसोटीस पूर्णपणे उतरले. त्याचे एक कारण ग्रंथातच आहे. हसनाने वर्षभर गुपचूप टिपणे केली आणि मग भीत भीत ती गुरूंपुढे ठेवली. निजामुद्दीनांनी ती वाचली, पसंत केली, आणि हसनाने कोऱ्या सोडलेल्या जागा स्वतः भरून दिल्या. मजलिशीचा वार आणि तारीख हसन काटेकोरपणे देतो. जेथे गुरूचे बोलणे त्यास नीट ऐकू आले नाही तेथे तो पदरची भर घालीत नाही, जागा सोडतो. ही कोरी जागा मला ह्या ग्रंथाच्या सचोटीची सर्वांत मोठी खूण वाटते.

आता ग्रंथाच्या गाभ्याकडे वळू. निजामुद्दीनांनी एका मजलिशीत उपासनेचे, म्हणजे 'ताअती'चे, दोन प्रकार सांगितले आहेत : 'लाजिमी' आणि 'मुतअद्दी'. हे दोन्ही शब्द अरबी व्याकरणातील आहेत. ज्या क्रियेचा व्यापार कर्त्यापाशीच थांबतो ती लाजिम. जिचा व्यापार कर्त्यास ओलांडून दुसऱ्यापर्यंत जातो ती मुतअद्दी. मराठीत आपण त्यांस अकर्मक आणि सकर्मक क्रियापद म्हणतो. नमाज, रोजा, हज, जप ह्यांचे फळ करणाऱ्यास मिळते; ही अकर्मक उपासना. दुसऱ्याच्या सुखासाठी खर्च करणे, त्याच्याशी ममतेने वागणे, ही सकर्मक उपासना. आणि तिच्या पुण्यास माप नाही, असे ते सांगतात. एवढ्यावर हे विवेचन थांबते तर ते नीतिपाठ झाले असते. परंतु निजामुद्दीन पुढे एक भेद करतात. अकर्मक उपासनेस हेतूची शुद्धता ही अट आहे, तिच्यावाचून ती स्वीकारली जात नाही. सकर्मक उपासना मात्र कशीही घडली तरी फळते. ह्या भेदाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. भुकेल्यास अन्न देणाऱ्याच्या मनात थोडा अहंकार असला तरी भुकेल्याचे पोट भरावयाचे राहत नाही. नीतीचे केंद्र कर्त्याच्या अंतःकरणातून काढून समोरच्या माणसाच्या गरजेवर नेऊन ठेवणे, आणि तेही अंतःकरणशुद्धीचाच ध्यास घेतलेल्या सूफीने, ही साधी गोष्ट नव्हे. आणि हे सांगण्यासाठी त्यांनी रूपक घेतले ते दिव्याचे, समुद्राचे किंवा प्रेयसीचे घेतले नाही, मदरशातील व्याकरणाच्या तासाचे घेतले. श्रोत्यांत कारकून, मुदर्रिस, शिपाई आणि कवी होते. त्यांना कळेल असेच हे उदाहरण आहे.

ह्या तत्त्वाची परीक्षा ग्रंथात एका ठिकाणी होते, आणि ती देवगिरीच्या तळावर होते. दिल्लीच्या फौजेबरोबर हसन देवगिरीस आला होता. त्याचा सेवक मलीह ह्याने तेथे पाच टंक्यांना एक लहान मुलगी दासी म्हणून विकत घेतली. फौज परतण्याच्या वेळी त्या मुलीचे आईबाप रडत-आक्रोशत तळावर आले. त्यांनी दहा टंके आणले होते. ते घ्या आणि मुलगी परत द्या, अशी त्यांची विनवणी होती. हसनास गहिवरून आले. त्याने स्वतःच्या पैशातून मलीहास दहा टंके दिले, मुलगी विकत घेतली आणि तिच्या आईबापांच्या स्वाधीन केली. त्यांनी आणलेले दहा टंकेही त्यांना परत केले. दिल्लीस आल्यावर त्याने हे गुरूस सांगितले आणि गुरूंनी त्याची वाखाणणी केली.

प्रसंग एवढाच आहे. मला वाटते, चौदाव्या शतकातील देवगिरीविषयी तवारिखांत जे काही आहे, त्यात इतक्या थोड्या शब्दांत इतके सांगणारे फारसे काही नसेल. तवारिखा लुटीतील सोने, हत्ती आणि घोडे मोजतात. येथे लुटीचा किंवा टंचाईचा तळातला हिशेब आहे : एका मुलीची किंमत पाच टंके, आणि ती परत मिळविण्यासाठी आईबापांनी, कोठून कोण जाणे, जमविलेली रक्कम तिच्या दुप्पट. मलीह दुष्ट नाही, त्याने बाजारभावाने माल घेतला आहे. हसनही गुलामगिरीला नाव ठेवीत नाही, तो मालकी मान्य करूनच मालकाचे पैसे चुकते करतो. आजच्या वाचकास ही मर्यादा खटकेल आणि ती खटकलीच पाहिजे. परंतु सकर्मक उपासना म्हणजे काय, हे व्याख्येने समजले नसेल तर ह्या वीस टंक्यांच्या देवघेवीने समजते. हसनाची क्रिया त्यास ओलांडून गेली.

ह्याच प्रसंगात मल्फूजातीची उणीवही उघडी पडते. त्या मुलीस नाव नाही. आईबाप कोणत्या गावचे, कोणत्या धंद्याचे, हे नाही. ते रडले हे आहे. काय म्हणून रडले हे नाही. ते मराठीतच बोलले असणार, आणि कोणी दुभाष्याने त्यांचे बोलणे हसनापर्यंत पोचविले असणार. पण फारसी वाक्यात शिरताना त्यांची वाणी बाहेरच राहिली. हसनाची कोरी जागा सोडण्याची सवय येथे उपयोगी पडली नाही, कारण येथे जागा कोरी आहे हेच त्यास जाणवले नाही.

नेमके ह्याच ठिकाणी 'लीळाचरित्र' श्रेष्ठ ठरते. म्हाइंभटाने चक्रधरांच्या प्रयाणानंतर ऋद्धिपुरास नागदेवाचार्यांच्या सहवासात लीळा गोळा केल्या. ज्याची लीळा त्यास जाऊन विचारावे, शहानिशा करावी आणि मग लिहावे, अशी त्याची रीत होती. म्हणून बाइसा, महदाइसा, उमाइसा ह्या आपल्या बोलीसह, रुसव्याफुगव्यांसह आणि शंकांसह ग्रंथात येतात. स्त्रियांच्या मासिक विटाळाचा प्रश्न निघतो तेव्हा चक्रधर त्यास शरीराच्या इतर मळांच्या पंक्तीस बसवून निकालात काढतात; विचारणारी स्त्री आहे, तिची अडचण खरी आहे, आणि उत्तर तिच्या भाषेत आहे. पारध्यांच्या हातून ससा वाचविण्याची लीळा घ्या. ससा येतो, मांडीखाली लपतो, मागून पारधी येतात. सर्व काही क्रियापदांनी चाललेले आहे, विशेषणास वाव नाही. फारसी मजलिशीचा आरंभ ठरीव असतो : गुरूंच्या पायांचे चुंबन घेण्याचे भाग्य लाभले, अशा अर्थाचा. मराठी लीळेचा आरंभ असा सजविलेला नाही. ग्रंथ संस्कृतात होऊ पाहत असता नागदेवाचार्यांनी आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील म्हणून तो बेत मोडला, ही 'स्मृतिस्थळा'तील हकीकत प्रसिद्धच आहे. खुलताबादच्या ग्रंथकारांपुढे अशा म्हाताऱ्या नव्हत्या असे नाही. त्या खानकाहीच्या दाराशी येतच असतील. पण ग्रंथ त्यांच्यासाठी लिहिला जात नव्हता.

असे असले तरी तराजूचे दुसरे पारडे रिकामे नाही. 'लीळाचरित्रा'त चक्रधर हे ईश्वरावतार आहेत. त्यांचे जेवणे, निजणे, चालणे ही लीळा आहे. म्हणूनच क्षुल्लक तपशीलही पवित्र होऊन जपला गेला. लीळेचे स्मरण करावयाचे असते. तिचे अनुकरण भक्ताच्या आवाक्यातले नसते. चक्रधरांचा आचारधर्मही मुख्यतः संन्यस्तांचा : भिक्षा, अटन, झाडाखालचा एकांत. मल्फूजातीतला पीर माणूस आहे. त्याचे वागणे हा 'अदब', म्हणजे शिकून अंगी बाणवावयाचा शिष्टाचार; आणि शिकणारे लोक नोकरीपेशाचे आहेत. रुक्नुद्दीन काशानी स्वतः 'दबीर', म्हणजे कचेरीतला लेखनिक. त्यामुळे संसारी माणसाच्या अडचणी मल्फूजातीत जशा येतात तशा 'लीळाचरित्रा'त येऊ शकत नाहीत.

हसनाचा पगार थकतो. तो चिंतेत आहे. निजामुद्दीन त्यास एका श्रीमंत ब्राह्मणाची गोष्ट सांगतात. अधिकाऱ्याने त्याचे सर्वस्व हिरावले, आणि तरी कसा आहेस असे विचारल्यावर तो खुशाल असल्याचे सांगतो, कारण जानवे अजून त्याच्यापाशी आहे. एका मुसलमान कारकुनास धीर देण्यासाठी सूफीने ब्राह्मणाच्या जानव्याचा दाखला द्यावा, ह्यातील सहजता पाहण्यासारखी आहे. दुसरी गोष्ट लाहोरच्या व्यापाऱ्यांची. ते गुजरातेत गेले. तेथील हिंदू व्यापारी एकच भाव सांगत आणि त्याच भावाने विकीत. लाहोरकर मात्र दुप्पट सांगून घासाघिशीने खाली येत. ह्या रीतीचे शहर टिकते तरी कसे, असे गुजरातच्या व्यापाऱ्याने विचारले. आणि परतीच्या वाटेवरच त्यांना मोगलांनी, म्हणजे मंगोलांनी, लाहोर उद्ध्वस्त केल्याची वार्ता कळली. लाहोरचा तो विध्वंस 1241 सालचा. इतिहासकार ह्या कार्यकारणास हसेल. पण धर्मबंधूंच्या शहराचा नाश परधर्मीयांच्या सचोटीपुढे मांडून दाखविणारा हा उपदेशक आपल्या श्रोत्यांची खुशामत करीत नव्हता, हे निश्चित.

येथे एका नाजूक विषयास स्पर्श केल्यावाचून चालणार नाही. खुलताबादच्या सूफींविषयी लोकांत दोन चित्रे रूढ आहेत. एक, शेकडो पालख्यांचा तांडा घेऊन दक्षिण जिंकावयास आलेल्या धर्मवीरांचे. दुसरे, हिंदू-मुसलमान भेद मुळीच न जाणणाऱ्या समन्वयवाद्यांचे. पहिल्यावर एक पक्ष अभिमान बाळगतो आणि दुसरा रोष धरतो. दुसरे चित्र सभासंमेलनांतून मिरविले जाते. कार्ल अर्न्स्ट ह्यांनी 1992 सालच्या आपल्या ग्रंथात खुलताबादच्या मूळ साधनांची छाननी केली. तीवरून दिसते ते असे की, समकालीन मल्फूजातीत धर्मांतराच्या मोहिमेचा जवळजवळ मागमूस नाही, आणि वीरकथांची भर पुष्कळ उत्तरकालीन आहे. परंतु त्याच मल्फूजातीत परधर्मीयांविषयी त्या काळचे कठोर शब्द आणि आपल्या धर्माच्या श्रेष्ठत्वाचा निःशंक विश्वासही आहे. ते वगळून केवळ गोड तेवढे वेचणे हीदेखील एक प्रकारची अप्रामाणिक प्रतच होय.

'फवाइदा'तील एक मजलिस ह्या संदर्भात मुळातून वाचावी. एक मुरीद आपल्या हिंदू भावास घेऊन येतो आणि गुरूच्या दृष्टिक्षेपाने तो मुसलमान व्हावा अशी इच्छा धरतो. निजामुद्दीनांच्या डोळ्यांत पाणी येते. शब्दांनी ह्या लोकांचे मन पालटत नाही, सज्जनाच्या सहवासाने पालटले तर पालटेल, असे ते म्हणतात. आणि मग बायजीद बिस्तामीच्या शेजाऱ्याची गोष्ट सांगतात. तो यहुदी होता. तू इस्लाम का स्वीकारीत नाहीस, असे त्यास कोणी विचारले. त्याचे उत्तर असे की, बायजीदाचा तो इस्लाम असेल तर मला पेलवणार नाही, आणि तुमचा तो असेल तर मला त्याची लाज वाटते. धर्मांतर व्हावे ही इच्छा ह्या मजलिशीत आहेच. समन्वयवाद्यांनी ती नाकारू नये. पण ज्या इच्छेचा शेवट स्वतःच्या लोकांच्या वर्तनाकडे बोट दाखविण्यात होतो, तीस मोहीम म्हणता येणार नाही.

दोन्ही परंपरांत पुढे जे घडले ते वाङ्मयाच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक आहे. 'लीळाचरित्रा'तून केसोबासांनी चक्रधरांची वचने वेचून 'सूत्रपाठ' केला. हम्माद काशानीने 'अहसन-उल-अक्वाला'त गुरूंची वचने तारीखवार न देता विषयवार एकोणतीस प्रकरणांत लावली. आणि रुक्नुद्दीनाचा 'शमाइल-उल-अत्किया' हा तर अवतरणांचा कोशच झाला. तो सतराव्या शतकात दखनी गद्यात उतरला, म्हणजे ज्या बोलीची मजलिशीत उणीव होती तिच्या जवळपास तो पोचला. परंतु पोचला तेव्हा त्यातला प्रसंग गळून गेला होता आणि विषय तेवढा उरला होता. तिसऱ्या बंधूने, मज्दुद्दीनाने, चमत्कार निवडले; आणि उत्तरकालीन दर्ग्यांची चरित्रे त्याच वाटेने गेली. विषयवार लावलेले वचन पाठांतरास सोयीचे आणि चमत्कार उरुसास सोयीचा. तारखेसह नोंदलेले, अर्धवट ऐकू आलेले, कोणाच्या तरी थकलेल्या पगारामुळे निघालेले बोलणे कोणाच्याच सोयीचे नाही.

महानुभावांनी ह्या बाबतीत एक शहाणपण केले, ते येथे नोंदविले पाहिजे. 'दृष्टांतपाठा'त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तिहेरी मांडणी आहे. त्यामुळे वचनाबरोबर गोष्टही शिल्लक राहिली, प्रसंग गेला तरी. शिवाय मूळ 'लीळाचरित्र' धाडीत नाहीसे झाले असता शिष्यांनी ते आठवणीने पुन्हा उभे केले, अशी सांप्रदायिक परंपरा आहे; निरनिराळ्या पाठांचा गुंता त्यातूनच झाला, आणि तो सोडविण्यात हरि नारायण नेने ह्यांच्यापासून डॉ. वि. भि. कोलते ह्यांच्या 1978 च्या संपादनापर्यंत विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडल्या. खुलताबादच्या ग्रंथांच्या वाट्यास मराठीतून असे श्रम आले नाहीत. सेतुमाधवराव पगडींनी सूफी संप्रदायाचा परिचय करून दिला, डॉ. रा. चिं. ढेरे ह्यांनी मुसलमान मराठी संतकवींवर लिहिले, आणि आपल्या विद्यापीठात डॉ. यू. म. पठाण ह्यांनी महानुभाव वाङ्मय आणि फारसी-मराठी संबंध ह्या दोन्ही क्षेत्रांत काम केले. शेख महंमदाच्या 'योगसंग्रामा'पर्यंत आपण त्यामुळे पोचलो. मात्र तो ओवीचा प्रदेश आहे, आणि तेथे इस्लामी नीतिविचार योगाच्या आणि वेदान्ताच्या परिभाषेत वितळून आलेला आहे. न वितळलेला विचार, त्याच्या स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या रोजच्या कटकटींसह, पाहावयाचा असेल तर मजलिशीकडेच जावे लागते.

आणि ती विषयवार संग्रहातून नव्हे, तारीखवार वाचावी लागते. देवगिरीच्या त्या मुलीची हकीकत एखाद्या कोशकाराने 'दया' ह्या प्रकरणात घातली असती तर दया राहिली असती. पाच टंके, दहा टंके, परतीच्या तयारीत असलेली फौज आणि तळाच्या कडेला उभे असलेले दोघे गावकरी राहिले नसते.